आंधळी खार आणि दोन साक्षीदार

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून मी पगारी माणूस. मुलांसाठी पुस्तकं काढणारी कचेरी आहे, दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्यांचं दुकान. माझं काम एवढंच, की पुस्तकात छापायची प्रत्येक गोष्ट खरी आहे का ते बघायचं. आईने ही बातमी ताईला फोनवर सांगितली तेव्हा ताई इतकी हसली की मला बाहेरच्या खोलीत ऐकू आलं. म्हणाली, "सरांशी भांडून ज्याने कॉलेज अर्धवट सोडलं, तो आता जगाच्या चुका काढणार? बरं झालं, निदान त्याचा पगार तरी मिळेल."

मी भांडून सोडलेलं नाही. सर चुकत होते आणि मी ते मोठ्याने म्हणालो, एवढंच.

नोकरी मावशीच्या ओळखीने लागली. मुख्य संपादिका मावशीची मैत्रीण. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. बाईंनी मला तासलेली पेन्सिल दिली, प्रुफांचा गठ्ठा दिला आणि म्हणाल्या, "प्रत्येक वाक्याला दोन साक्षीदार. दोन्ही मिळाले की वाक्याशेजारी दोन खुणा करायच्या आणि पानाखाली सही. पण साक्षीदार एकमेकांशी न बोललेले हवेत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी आई म्हणाली पोरगा हुशार आहे, आणि तुझी मावशी म्हणाली पोरगा हुशार आहे, तर साक्षीदार किती झाले?"

"दोन."

"एक. मावशीला आईनेच सांगितलं."

मला लागलं हे. पहिल्याच दिवशी राजीनामा देणार होतो, पण पेन्सिल छान होती.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आता कळलं की ही नोकरी मला का लागली. ती तिथे आहे म्हणून.

चित्रं काढते. उजव्या हाताची बोटं कायम निळीकाळी, म्हणून कचेरीत तिला 'शाई' म्हणतात. मला म्हणाली, "तो डबा सरकव ना जरा." मी डबा सरकवला. आवाज असा, की अख्खी कचेरी सरकवली असती.

शेपटीवाला कुठलाही प्राणी काढला की शेपटीची रेघ टोकाशी उघडी ठेवते, पुरी करत नाही. मी कारण विचारलं. "बंद केली की हलायची थांबते," म्हणाली. मी ते प्रुफाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

इंटरनेटवर तिच्या चित्रांचं एक पान आहे. कितीतरी वर्षांची चित्रं, सर्वांत नवं वर. एका दमात सगळी बघितली तर संपून जातील, म्हणून रोज थोडं थोडं खाली जायचं ठरवलंय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

सकाळी बसथांब्यावर शाई दिसली. सोबत एक वयस्कर गृहस्थ, काळा चष्मा, ताठ मान. दोघांच्या मध्ये एक मिटलेली छत्री. मूठ त्यांच्या हातात, टोक हिच्या. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि यांची छत्रीवरून ओढाताण! गृहस्थ हट्टी दिसतात. मध्ये पडावंसं वाटलं, पण तेवढ्यात बस आली.

कचेरीत मात्र पोचल्यापासून समास तिच्या टेबलाशी. समास म्हणजे पानांची मांडणी करणारा. पानाचा समास बोटभर कमी झाला तरी याचा जीव जातो, म्हणून हे नाव. तिच्याशी फार हसून बोलतो. त्या दोघांचं काहीतरी आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

नवं पुस्तक आलं तपासायला. एकमेकांना मदत करणाऱ्या प्राण्यांवर आहे. त्यात एक वाक्य : 'म्हातारपणी आंधळ्या झालेल्या खारीला दुसरी खार काडीचं एक टोक तोंडात धरून वाट दाखवते.'

या वाक्यावर शाईने दोन पानं भरून चित्र काढलंय. मी काही चित्रातला जाणकार नाही, पण ते बघताना उभा होतो तो खुर्चीवर बसलो. बाई म्हणाल्या, हेच मुखपृष्ठ. शाईचं नाव पहिल्यांदाच मुखपृष्ठावर येणार, तेही लेखकाच्या नावाएवढंच मोठं.

दुपारी ती आपणहून माझ्या टेबलापाशी आली. "खारीचं तपासलंस?"

"अजून नाही."

"खरं असेल ना रे?" असं विचारलं की जणू तिच्या घरातल्या कुणाची तब्येत विचारतेय. "नीट बघ हं. नक्की बघ."

मी म्हणालो, चिंता करू नकोस. अख्ख्या कचेरीत तिने हे काम माझ्यावर सोपवलं. समासावर नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

साक्षीदारच साक्षीदार! खारीची गोष्ट इतक्या साइटवर आहे की मोजायचा कंटाळा आला. सगळ्या अगदी एका सुरात सांगतात. मी बाईंकडे नाचतच गेलो.

बाईंनी चष्मा वर केला, तीनचार साइट वाचल्या. "खार किती वर्षं जगते?"

"चाळीस. इथे दिलंय."

"आणि या दुसरीत?"

"चाळीस."

"तिसरीत?"

"चाळीसच. बघा, सगळे सांगतात."

"चाळीस वर्षं खार जगली तर तिला नातवंडांची लग्नं बघावी लागतील. हे सगळे एकाचंच बघून लिहिणारे आहेत, नाहीतर एकच चूक सगळ्यांना कशी सुचेल? वर्गात कॉपी पकडायची असेल तर बरोबर उत्तरं नाही बघायची, चुका बघायच्या. ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याच्याकडे जा. त्याला कसं कळलं ते विचार."

मग त्यांनीच एका निवृत्त प्राध्यापिकेचा नंबर दिला. उभा जन्म कुरतडणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करण्यात गेला म्हणे. फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "माहीत नाही बाळा. मी पाहिलेलं नाही, आणि पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही."

"म्हणजे खोटं आहे का?"

"तसं मी म्हणाले नाही. माहीत नाही म्हणाले."

मी फोन आपटला. एवढं शिकून जर 'माहीत नाही' म्हणायचं तर मग माझ्यात नि यांच्यात फरक काय? साइटवाले बघा, एकही जण डगमगत नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सापडलं!! वन्यजीवांच्या एका अभ्याससंस्थेची साइट. गंभीर निळा रंग, वर गोल शिक्का, कुठे जाहिरात नाही. तिथे चक्क जुनं चित्र आहे, तपकिरी पडलेलं, कडा झिजलेल्या. खाली लिहिलंय, 'शतकापूर्वी एका निसर्गप्रवाशाने प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन.' दोन खारी, मध्ये काडी, मागचीचे डोळे मिटलेले.

काय रेघ आहे! शेपटी टोकाशी उघडी, अगदी शाई ठेवते तशी. म्हणजे आमच्या शाईचा हात त्या जुन्या उस्तादांच्या तोडीचा. तिला दाखवायला उठलो, तर समास तिच्या टेबलावर कोपर टेकून बसलेला. राहू दे.

बाई दोन दिवस छापखान्यात आहेत. मी विचार केला : संस्था एक, प्रवासी दोन. संस्था आजची, प्रवासी शंभर वर्षांपूर्वीचा. दोघं एकमेकांशी बोलणं शक्यच नाही. दोन खुणा केल्या. सही केली, खाली रेघ ओढून.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मुखपृष्ठाचा नमुना भिंतीवर लागला. सगळे बघायला जमले. शाई गर्दीच्या मागे उभी राहून बघत होती, स्वतःचं चित्र नसल्यासारखी. मग माझ्याकडे आली. "तू खुणा केल्यास ना? दोन?"

"दोन."

तिने माझ्या हातावर निळं बोट एकदा टेकवलं आणि गेली. मी आंघोळीत तेवढी जागा सोडून साबण लावला.

पुस्तक गुरुवारी छपाईला जाणार. छापून आलं की तिला सांगून टाकायचं. समास गेला खड्ड्यात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हे लिहिताना पेन कागदात रुततंय.

कचेरीतून आल्यावर रोजच्याप्रमाणे शाईचं पान उघडलं. आज तीन वर्षांपूर्वीपर्यंत पोचलो. आणि तिथे दोन खारी. मध्ये काडी. मागचीचे डोळे मिटलेले. पांढऱ्याशुभ्र कागदावर, काळ्या शाईत, खाली एकच शब्द : 'वाट'.

तेच चित्र. कुणीतरी ते उचललं, तपकिरी केलं, कडा झिजवल्या आणि शंभर वर्षं मागे नेऊन ठेवलं. निसर्गप्रवासी म्हणजे शाई! आणि पहिला साक्षीदारही त्याच चित्रावर उभा. माझ्या दोन खुणा म्हणजे एकच शाई, दोनदा.

त्या संस्थेला ईमेलने सणसणीत पत्र लिहिलं. लगेच परत आलं. असा पत्ताच नाही. शिक्का नीट मोठा करून बघितला तर त्यावर संस्थेचं नाव नाही, नुसती गोलाई आणि पानं. मी चप्पल भिंतीवर मारली. ताई आज माहेरी आलीय. ती म्हणाली, "इंटरनेट भिंतीत नाही हं, चपलेला त्रास देऊ नकोस." सगळं सांगितलं. तिने ऐकलं, मग विचारलं, "मग आता?"

"मग काय! एका खारीने जगाचं काय बिघडतं? पोरं वाचतील, खूश होतील. कुणालाही कळणार नाही."

"बरोबर," ताई म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं. मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत बसलो.

सांगितलं तर शाईचं मुखपृष्ठ जाणार, नाव जाणार, आणि ते मी घालवणार. नाही सांगितलं तर ते निळं बोट माझ्या हातावर कशासाठी टेकलं होतं ते मला आयुष्यभर माहीत असणार.

बुधवार, १९ फेब्रुवारी

सांगितलं. आधी बाईंना सांगायला हवं होतं, पण पाय जिन्यावर तिच्यापाशीच थांबले. फोन पुढे केला, दोन्ही चित्रं शेजारीशेजारी.

तिने बराच वेळ बघितलं. मग पहिलं वाक्य काय, तर, "इतकं खाली गेलास तू?"

"रोज थोडं थोडं," मी म्हणालो. कान भाजत होते.

ती हसली नाही. पायरीवर बसली. "हे मी मनाने काढलं होतं. बाबांची नजर गेली त्या वर्षी. हात धरलेला चालत नाही त्यांना; म्हणतात, मी काय बाळ आहे? मग छत्री. मूठ त्यांच्याकडे, टोक माझ्याकडे. तसेच चालतो आम्ही."

म्हणजे त्या दिवशी बसथांब्यावर भांडत नव्हते ते.

"आणि मग पुस्तकात ते वाक्य आलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपण मनाने काढलं ते जगात कुठेतरी खरंच घडतं. कुठल्यातरी झाडावर. मी कुणाला सांगितलं नाही, पण मला फार..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

मला ते बघवेना. "असेलही खरं! कुणी पाहिलं नाही म्हणजे नसतंच असं थोडंच आहे? प्राध्यापिकाबाईसुद्धा खोटं म्हणाल्या नाहीत! आपण ते वाक्य..."

"गप्प बस," ती म्हणाली. ओरडली नाही. "लेखकाने ते या साइटवरच्या माझ्याच चित्रावरून लिहिलं असणार, मी त्याच्या वाक्यावरून चित्र काढलं, आणि तू ती दोन्ही एकमेकांना दाखवून खुणा केल्यास. आता पोरांना काय सांगायचं, कुणी पाहिलं हे? बाईंकडे तू जातोस की मी जाऊ?"

मी गेलो. मला वाटलं होतं बाई मला जिन्यावरून खाली ढकलतील. त्यांनी ऐकलं, ते पान काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि खोडरबर सरकवलं.

"पेन्सिल देते ती याचसाठी," म्हणाल्या. "खोड. स्वतःच्या हाताने."

खोडलं. सहीखालची रेघ जास्त दाबून ओढली होती, ती पुरती जाईना.

छपाई पुढे गेली. वाक्य गेलं, चित्र गेलं, मुखपृष्ठ भिंतीवरून काढलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवं हवं, नाहीतर दुसऱ्या चित्रकाराचं जुनं एखादं चित्र लावून टाकू, असं छापखाना म्हणतोय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शाई माझ्याशी कामापुरतं बोलते. हक्क आहे तिला. आज मात्र टेबलाशी येऊन म्हणाली, "मला काहीतरी खरं शोधून दे. पण तितकंच चांगलं."

प्राध्यापिकाबाईंना फोन लावला. आधी मागच्या वेळी फोन आपटल्याबद्दल माफी मागितली. "अरे, आपटलास होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं रेंज गेली."

विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे? नक्की माहीत असलेलं? त्या अर्धा तास बोलल्या. काही ठिकाणी स्वतःच म्हणाल्या, "हे मी फक्त वाचलंय, तू मूळ शोध." काही ठिकाणी, "यावर आमच्यात भांडण आहे." आणि एका ठिकाणी, "हे मी स्वतः पाहिलंय, माझ्या मागच्या अंगणात." तेवढं एकच मी लिहून घेतलं.

दुसरा साक्षीदार शोधला. एका संशोधकाचा निबंध मिळाला. कुठे पाहिलं, कधी, कितीदा, काय जमलं नाही, सगळं दिलेलं. वर त्याचा पत्ता. ईमेल पाठवला तर दुपारपर्यंत उत्तर आलं, सोबत त्याने स्वतः काढलेली फिल्म. त्याला आमच्या प्राध्यापिकाबाईंचं नावही माहीत नाही. मुद्दाम विचारलं.

शाईला सांगायला गेलो. "चिचुंद्री," मी म्हणालो.

"काय?"

"चिचुंद्रीची पिल्लं. बीळ बदलायचं असलं की पहिलं पिल्लू आईला शेपटीच्या मुळाशी दातांनी धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. आगगाडीसारखी रांग. इतकं घट्ट धरतात, की आईला उचललं तर पिल्लंही उचलली जातात."

"मुखपृष्ठावर चिचुंद्री?" समास मागून किंचाळला. "पोरं पुस्तक नाक दाबून उघडतील!"

"खरी आहे ना?" बाई आतून म्हणाल्या.

"दोघांनी पाहिलीय," मी म्हणालो. "आणि आता मीही. फिल्ममध्ये."

शाईने फिल्म बघितली. पुन्हा बघितली. मग ब्रश उचलला.

जाता जाता समास बाईंना म्हणाला, "उद्या मी लवकर जाईन, मोठीचा वाढदिवस आहे. बायकोने आणि धाकटीने तंबी दिलीय." याला बायको आहे! दोन मुली आहेत! आणि याचं शाईशी काहीतरी आहे असं मी इतके दिवस कुणाच्या भरवशावर म्हणत होतो? एकाही साक्षीदाराशिवाय. अर्थात त्याने माझी आशा वाढत नाही. तिचं चित्र मी घालवलं ते घालवलंच.

शुक्रवार, ७ मार्च

मुखपृष्ठ छापखान्यात गेलं. चिचुंद्री इतकी गोड निघेल असं वाटलं नव्हतं. शाईचं नाव खाली, लेखकाएवढंच मोठं. मी वाक्याला दोन खुणा केल्या. सही साधी, रेघ न ओढता.

शाई म्हणाली, "रविवारी घरी ये. बाबांना तुला भेटायचंय." ओरडा खाणार बहुतेक.

रविवार, ९ मार्च

गेलो. तिसरा मजला, गच्च भरलेली पण नीटनेटकी खोली, प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी. बाबा खिडकीपाशी बसलेले, शाई चहा करायला आत. मुखपृष्ठाचा नमुना त्यांच्या हातात होता, बोटं कागदावरून फिरत होती.

"चिचुंद्री आहे म्हणे," ते म्हणाले.

"हो काका."

"आणि त्याआधी खारीचं काहीतरी होतं. ते तू घालवलंस."

"हो," मी म्हणालो.

"कसं होतं ते? ही काही सांगत नाही. विचारलं की म्हणते, राहू दे."

मी दाराकडे बघितलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मग सांगायला लागलो. दोन खारी आहेत. एका लांब फांदीवरून चालल्यात. पुढची वळून बघतेय. दोघींच्या तोंडात एकाच काडीची दोन टोकं. मागचीचे डोळे मिटलेले आहेत, पण मान ताठ आहे, जणू वाट तिलाच माहीत आहे.

बाबांची बोटं कागदावर थांबली. "मागची जाड आहे का?"

फोनवर चित्र उघडून नीट बघितलं. "थोडी."

"हं." त्यांच्या ओठाची एक कड हलली. "आणि काडी कुणी धरलीय घट्ट?"

पुन्हा बघितलं. मोठं करून बघितलं. चुकीचं सांगायचं नव्हतं. "पुढचीने. दात रुतलेत. मागचीने नुसती टेकवलीय."

"तेवढं चूक काढलंय तिने," बाबा म्हणाले. "मागचीपण घट्टच धरते. तिला सांग."

सांगायची गरज पडली नाही. शाई दारातच उभी होती, हातातल्या कपांतला चहा बशीत सांडत होता आणि तिला कळत नव्हतं. मी उठून कप घेतले. ती बाबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. चहा फार चांगला झाला होता, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

निघताना जिन्यापर्यंत सोडायला आली. "पुढच्या रविवारी येशील? बाबांना बाकीची चित्रंही सांग. पार खालपर्यंतची."

खरं तर ती स्वतःच का सांगत नाही मला कळत नाही. काढलीत तिनेच, तिच्याहून नीट कोण सांगणार? पण काकांना करमत नसेल, नवीन आवाज ऐकावासा वाटत असेल. मी हो म्हणालो. काकांसाठी.